रांजणावर नाव आमचं, पाणी कोण भरन?

भाऊ, आज डोकं लय तापलं आहे, आणि उन्हानं नाई तापलं. लिहून टाकतो, नाई तर रात्री झोप नाई येत.

आमच्या तालुक्याच्या गावात एक सेवाभावी क्लब आहे, त्याचा मी यंदा सचिव. क्लब कोणता ते सांगत नाई, उगाच नोटीस यायची. सचिव म्हंजे काय तर लग्नघरात नवरीचा भाऊ असते ना तसा, हुकूम सगळे त्याले आणि जेवायले शेवटच्या पंगतीत.

दर गुरुवारी मीटिंग. कागदावर टाइम साडेसात. मी कृषी केंद्राचं शटर अर्ध्यावर ओढून सातलाच हॉल उघडतो, खुर्च्या पुसतो, माईक चालते का पाह्यतो. अध्यक्षसाहेबाले फोन केला की "रस्त्यातच आहो", आणि मागून त्याईच्या घरच्या टीव्हीचा आवाज येते. साडेआठले घंटा वाजते. मग राष्ट्रगीत, मग पाहुण्याचा परिचय, मग परिचय करून देणाऱ्याचा परिचय (खरं सांगतो, हे होते आमच्याइथं), मग शाल, नारळ, बुके. मग वाढदिवस. मग लग्नाचे वाढदिवस. मागच्या गुरुवारी तर ठेकेदारभाऊच्या साळ्याच्या पोरीले बारावीत ८२ टक्के पडले म्हणून सत्कार झाला, ती पोरगी राह्यते पुण्याले, आली बी नव्हती, शाल ठेकेदारभाऊनंच घेतली. आणि कामाचा विषय निघते साडेनऊले, तेव्हाच नेमका मागच्या खोलीतून तर्री पोह्याचा वास येते. तर्रीचा वास आला की आमचा कोरम संपते.

आता मुद्द्यावर येतो. पाणपोई.

गुढीपाडव्याले आम्ही एसटी स्टँडसमोर पाणपोई लावली. चांगलं काम आहे, माझाच प्रस्ताव होता. पाच रांजण आणले १७५० रुपयाचे. बॅनर आणला २२०० चा. म्हंजे हिशोब पाहा, पाण्यापेक्षा तोंडं महाग. बॅनरवर चौदा मेंबरचे फोटो, वरती अध्यक्षसाहेब गॉगल लावून, आणि पाणपोई हा शब्द कोपऱ्यात, शोधा म्हटलं तर सापडन. फीत कापायले एकोणीस जण आले. फोटोत मागं उभं राहावं लागलं म्हणून एक जण अजून माह्याशी बोलत नाई.

आणि मग कोण्या शहाण्याच्या डोक्यात आलं की रांजणावर क्लबचं नाव पाह्यजे. नुसतं नाव नाई, पूर्ण रांजण निळ्या ऑइलपेंटनं रंगवले, त्यावर पिवळ्या अक्षरात नाव, दोन हात मारले पेंटरनं, चकचकीत. अरे बाप्पा, मातीचा रांजण पाणी थंड कसा करते? तो घामेजते म्हणून. मातीच्या बारीक छिद्रातून पाणी बाहेर झिरपते, आपल्याकडची कोरडी झळ त्याले सुकवते, त्यात आतलं पाणी गार होते. आमच्या आजीले माहीत होतं, शाळेतल्या पोट्ट्याले माहीत आहे. तुम्ही त्याची छिद्रंच बुजवून टाकली! एप्रिलच्या शेवटी पारा ४४ वर, आणि आमच्या रांजणातलं पाणी चहाले चालन असं. शेजारच्या पानठेल्यावाल्याचं साधं मडकं, ओलं बारदान गुंडाळलेलं, त्यातलं पाणी दाताले लागते. लोकं आमची पाणपोई ओलांडून त्याच्याकडे जाऊन राह्यले, आणि तो मले पाहून हसते.

मी माह्या पैशानं दोन नवे रांजण आणले, बिना रंगाचे, खाली रेती टाकून ठेवले. तर अध्यक्षसाहेबाचा फोन, "यावर आपलं नाव काहून नाई?"

आता पाणी भरायचं. मीटिंगमध्ये वार वाटून दिले होते, मिनिट्समध्ये लिहून आहे, सगळ्याईनं टाळ्या वाजवल्या होत्या. सोमवार डॉक्टरसाहेब, मंगळवार ठेकेदारभाऊ, बुधवार मास्तर, असं करत रविवारपर्यंत. पह्यला हप्ता डॉक्टरनं कंपाउंडर पाठवला, ठेकेदारभाऊनं टँकर पाठवला त्यावर स्वतःच्या फर्मचा बोर्ड लावून, मास्तर खुद्द आले, खोटं कायले बोलू, मास्तर तीन बुधवार आले. मग त्याईच्या पायाले लागलं. बाकीचे, "अरे सचिवसाहेब, तुमचं दुकान तर समोरच आहे ना!" हो, समोर आहे. दुकान समोर असणं हा गुन्हाच झाला माहा. आमच्या गावात नळ चौथ्या दिवशी येते, पहाटे साडेचारले. मी आणि दुकानातला पोट्टा ड्रम भरून ठेवतो आणि रोज सकाळी हातगाडीवर नेऊन ओततो. ज्या दिवशी नळ नाई आला त्या दिवशी कॅन विकत, तीस रुपयाची एक. तिचं बिल मांगतलं तर खजिनदार म्हणते व्हाउचर लावा. बुकेवाल्यानं कधी व्हाउचर लावलं भाऊ?

परवा दुकानात गर्दी होती, सकाळी भरायले उशीर झाला. स्टँडवर कैऱ्या विकायले एक म्हातारी बसते. दुपारी ती उठून माह्या काउंटरपाशी आली, हातात रिकामा ग्लास, साखळीसकट (साखळी कोणंतरी तोडली होती). म्हणते, "दादा, तुमच्या रांजनावर वाचाले लय आहे, प्याले काई नाई." मले इतकी लाज वाटली ना. तिले वाचता येत नाई, ते बी तिनंच हसत सांगतलं.

हे सगळं मी गुरुवारी बोललो. शांतपणे बोललो. तर उत्तर काय, "सचिवसाहेब, निगेटिव्ह नका होऊ." आणि मग पाऊण तास चर्चा कशावर, तर पुढच्या वर्षी रांजण नकोच, वॉटर कूलर घेऊ, आणि त्यावर क्लबचा बिल्ला उजवीकडे आणि देणगीदाराचं नाव डावीकडे का उलटं. कूलरले लाइट लागते, लाइट दुपारी जाते, आणि त्यात बी पाणी भराच लागते कोणाले तरी, हे बोलाले मी तोंड उघडलं तर पोहे आले.

आता कोणी म्हणन इतकं आहे तर सोडून दे ना. अरे सोडवत नाई म्हणून तर जळते. १९०५ मध्ये तिकडे शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तीन जणाईले घेऊन रोटरी सुरू केली, आलटून पालटून एकमेकाच्या ऑफिसात बसत म्हणून ते नाव. आम्ही बी फिरतो, एकाच मुद्द्याभोवती. पण त्याच लोकाईनं १९८५ पासून पोलिओचा पिच्छा पुरवला. मी कॉलेजात असताना पल्स पोलिओच्या रविवारी याच स्टँडवर बूथवर बसलो आहो, पोराईच्या करंगळीले शाई लावली आहे. २०११ च्या जानेवारीत हावड्याले शेवटची केस, २०१४ ले देश पोलिओमुक्त. आपल्या हातची शाई त्यात कुठंतरी आहे, या वेडापायी मी असल्या क्लबात आलो. इथं येऊन शिकलो काय, तर बुके कोणत्या हातानं धरला की फोटोत तोंड झाकत नाई.

आमच्या हॉलमध्ये बिल्ल्याच्या बाजूले गाडगेबाबाचा फोटो आहे. आपल्याच अमरावतीकडचा माणूस, गावात पाय ठेवला की आधी झाडू, कीर्तन रात्री. आमचं कीर्तन आधी होते आणि झाडू भाड्यानं आणतो फोटोपुरता. त्या फोटोले हार घालाचं काम बी माह्याकडेच आहे म्हणा.

आणि अजून एक, आमचं वर्ष १ जुलैले सुरू होते. अमेरिकेतून आलेलं कॅलेंडर. विदर्भात तेव्हा काय असते? पेरण्या! कपाशी, सोयाबीन, तूर, दुकानात माणूस माणसावर, कोणाचं बियाणं उगवलं नाई तो भांडाले उभा, कोणाले डीएपी खत पाह्यजे, आणि तेव्हाच याईले पदग्रहण सोहळा, स्टेजवर कोट घालून. यंदा बी तारीख ठरून गेली, मले न विचारता.

आत्ता हे लिहितच होतो तर ग्रुपवर मेसेज आला. "सचिवसाहेब, वरती रिपोर्ट पाठवायचा आहे, पाणपोईचे चार फोटो पाठवा, रांजण भरलेले दिसले पाह्यजेत, निळेच घ्या." खाली सात अंगठे.

निळे रांजण मी दुकानामागं उलटे करून ठेवले आहेत, एकावर मांजर बसते. त्याचाच फोटो पाठवला. अजून कोणाचा अंगठा नाई आला.