डॅपल डॅशहुंडची जोडी लावण्यापूर्वी

डॅशहुंड या जातीच्या कुत्र्यांच्या ठिपकेदार ‘डॅपल’ रंगाला आपल्याकडे छापलेल्या एका लेखात दुर्मीळ आणि आकर्षक म्हटले आहे, परंतु त्यामागचे जनुकशास्त्रही यायला हवे होते. पीएमईएल या जनुकात डीएनएचा एक जादा तुकडा शिरल्यामुळे काळे किंवा तपकिरी रंगद्रव्य जागोजागी फिके पडते, हे २००६ मध्ये उलगडले. इतर जातींत यालाच मर्ल म्हणतात. अशा बदललेल्या जनुकाची एकच प्रत असलेले पिल्लू सहसा धडधाकट असते. मात्र नर व मादी दोघेही डॅपल असतील, तर प्रत्येक पिल्लाला दोन प्रती मिळण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि अशी पिल्ले पुष्कळदा बरीचशी पांढरी, बहिरी किंवा सदोष डोळ्यांची जन्मतात. लाल-पिवळ्या रंगद्रव्यावर या बदलाचा फारसा परिणाम होत नसल्याने पूर्ण क्रीम किंवा तांबूस कुत्र्यात तो डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून पोमेरेनियन आणि चिवावा या जातींचे कुत्रे पाळणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरून डीएनए चाचणी होत असताना केवळ रंग पाहून जोडी लावणे मला अक्षम्य वाटते. कुत्र्यांच्या जातींची नोंदणी करणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने दोन मर्ल पालकांच्या पिल्लांची नोंदणी बंद केली आहे. आपल्याकडे निदान खरेदीदाराने तरी आईवडील दोघांच्या चाचणीचे अहवाल मागावेत.