असल्यास उत्तम

मुलीच्या इंजिनियरिंग कॉलेजने पाठवलेल्या यादीत सातव्या ओळीवर लिहिलं होतं: 'लॅपटॉप – आय-५ किंवा वरचा, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ग्राफिक्स कार्ड असल्यास उत्तम.'

वरच्या सहा ओळी म्हणजे डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला वगैरे. त्या प्रवेशाच्या कॅप फेऱ्यांबरोबर सेतू केंद्राच्या फेऱ्या मारून पार केल्या होत्या. पण 'असल्यास उत्तम' हे शब्द मी आजवर फक्त वधूवर मेळाव्याच्या पुस्तिकेत वाचले होते. 'पुण्यात स्वतःचा फ्लॅट असल्यास उत्तम.' तिथे त्याचा अर्थ 'नसल्यास फोन करू नये' असा असतो. इथेही तोच असणार, असं धरून मी बजेट पन्नास हजारांवरून साठ केलं.

मी स्वतः मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. १९९१ साली आमची यादी तीन वस्तूंची होती: मिनी-ड्राफ्टर (ड्रॉइंग बोर्डावर रेघा मारायचं पट्ट्यांचं साधन), सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि वर्कशॉपसाठी खाकी कपडे. मिनी-ड्राफ्टर एका सीनियरकडून अर्ध्या किमतीत घेतला. त्याच्या पट्टीवर कर्कटकाने 'सुनीता' असं कोरलेलं होतं, ते वर फुकट मिळालं. तो ड्राफ्टर अजून माळ्यावर आहे. चौतीस वर्षांत त्याला एकही अपडेट आलेला नाही.

लॅपटॉप घ्यायचाय हे मी घरच्या ग्रुपवर टाकलं, ही पहिली चूक. वरच्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा जिन्यात अडवून म्हणाला, "काका, बत्तीस जीबी घ्या. आठ तर क्रोमच खातं." न्यू जर्सीचा मेव्हणा म्हणाला, "थांबा, दिवाळीत येतो तेव्हा आणतो, एका प्रवाशाला एक लॅपटॉप ड्यूटी न भरता आणता येतो." हे खरंच आहे, फक्त त्याचा तो एक लॅपटॉप गेली चार वर्षं पाच भाच्यांना कबूल झालेला आहे. मावसबहिणीची मुलगी डिझाइन शिकते. तिचं एकच पालुपद, मॅक घ्या. मी गूगल करून तिला सांगितलं की सॉलिडवर्क्स, म्हणजे इंजिनियरिंगच्या ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, मॅकवर चालत नाही. त्यावर ती म्हणाली, "मग ब्रँच बदला ना."

शेवटी आम्ही तिघं दुकानात गेलो. सेल्समन मुलीपेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठा असेल. त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि पुढचं सगळं तिच्याशी बोलला. पैशांचं तेवढं माझ्याकडे.

"सर, हा पडदा १४४ हर्ट्झचा आहे."

मला ५० हर्ट्झच्या पुढे कधी जावंच लागलं नव्हतं. महावितरण अजून तिथेच आहे.

"आणि हा पूर्ण १८० अंशात उघडतो. सपाट."

"कशासाठी?"

तो जरा गडबडला. "फीचर आहे, सर." मग सावरून म्हणाला, "ब्राइटनेस ३०० निट्स. उन्हात बसूनही अभ्यास करता येईल."

"उन्हात कशाला बसेल ती? घरात पंखा आहे," बायको म्हणाली.

दुसऱ्या एका मॉडेलची रॅम आठच होती, पण किंमत माझ्या मनासारखी. मी हळूच म्हटलं, "पुढे लागली तर वाढवू की." त्याने मान हलवली. "यात सोल्डर केलेली असते, सर. आठ म्हणजे आयुष्यभर आठ." हे वाक्य त्याने ज्या सुरात म्हटलं, त्या सुरात आमचे गुरुजी पत्रिकेतला मंगळ सांगायचे. मी सोळावाला घेतला. १८ टक्के जीएसटी धरून अठ्ठ्याहत्तर हजार. बॅग फुकट दिली, हे बायकोने घरी येईपर्यंत चार वेळा सांगितलं. लॅपटॉप दोन किलो तीनशे ग्रॅम आणि चार्जर पाऊण विटेएवढा. मुलीला पीएमटीने जायचं होतं, म्हणून मी ती बॅग पाठीवर अडकवून सोसायटीला एक फेरी मारून पाहिली. वॉचमनने विचारलं, "साहेब, कुठं गावाला?"

रात्री मी उगाच माउस फिरवत बसलो, तर सी ड्राइव्हवर दिसलं, ४७६ जीबी. पावतीवर ५१२. छत्तीस जीबी गेले कुठे? सकाळी दुकान उघडताच फोन लावला. तोच मुलगा. त्याचा आवाज इतका शांत होता की हा फोन त्याला रोज कुणीतरी बाप करत असणार. कंपनी हजार-हजारने मोजते, विंडोज १०२४-१०२४ ने, आतला माल तोच. म्हणजे एकच माल, दोन मापं. आमचा दूधवाला हे कितीतरी वर्षांपूर्वी शोधून बसलाय, त्याला कुणी इंजिनियर म्हटलं नाही इतकंच.

कॉलेज सुरू झालं. पहिल्या आठवड्यात मुलीने दोनशे फाइल-पेपर आणायला सांगितले. असाइनमेंट हाताने लिहायच्या, टाइप केलेल्या चालणार नाहीत. पायथनचा प्रोग्रामसुद्धा आधी कागदावर, निळ्या पेनाने. मग म्हणाली, "बाबा, ड्रॉइंगसाठी मिनी-ड्राफ्टर लागेल." मी शिडी घेतली आणि माळ्यावर चढलो. लॅपटॉप बॅगेत होता. एकदा कोपऱ्यातून काढून पुसलाही मी.

महिन्याभराने एकदा रात्री दीडला पाणी प्यायला उठलो, तर तिच्या दाराच्या फटीतून पांढराशुभ्र उजेड. म्हटलं, चला, लागला एकदाचा मार्गी. सॉलिडवर्क्स चालू असणार. दार ढकललं.

टीपॉयची काच चार जाड पुस्तकांवर ठेवलेली. खाली लॅपटॉप, पूर्ण १८० अंशात सपाट, त्यावर कोरं पान, ब्राइटनेस फुल्ल. काचेवर मैत्रिणीची शीट, तिच्यावर हिची शीट, आणि ही खाली वाकून पेन्सिलीने गिरवतेय. जीटी. ग्लास ट्रेसिंग. अख्ख्या हॉस्टेलमध्ये आम्ही हेच करायचो, बादल्यांवर खिडकीची काच आणि खाली शंभराचा बल्ब. काच तापायची, पहाटे तडकायची.

"बाबा, याचा उजेड कसला भारी आहे रे! अजिबात तापत नाही."

"३०० निट्स," मी म्हटलं.

"फक्त स्क्रीन लहान पडतेय. शीट सारखी सरकवावी लागते."

मी बसलो आणि कोपरा धरला. आयसोमेट्रिकमध्ये तिची एक रेघ सुटली होती, ती दाखवली. सतरा इंची घ्यायला हवा होता.

थोड्या वेळाने तिने कडेला पडलेला ड्राफ्टर उचलला आणि पडद्याच्या उजेडात धरला.

"बाबा, ही सुनीता कोण?"

शेजारच्या खोलीतून आवाज आला, "विचार, विचार. नीट विचार."