खरा प्रश्न पाण्याचा नाही, आतल्या इंधनाचा आहे
लेखात 2011 च्या त्सुनामीत अपघात झालेल्या जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्राचं किरणोत्सारी पाणी समुद्रात सोडण्यावरच सगळा भर दिलाय. पण पाण्यावर निदान लक्ष तरी आहे ना भाऊ, ऑगस्ट 2023 पासून सोडतायत, आधी फिल्टर करतात, ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) पाण्याच्या रेणूतच बसलेलं असतं म्हणून ते निघत नाही, मग समुद्राचं पाणी मिसळून लिटरला 1500 बेकरेलच्या (किरणोत्सार मोजायचं एकक) खाली आणतात आणि आयएईए ही आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था स्वतः नमुने तपासते. इथं नागपुरात मी बारावीच्या पोट्ट्यांना फिजिक्स शिकवतो, त्यांनाही हेच सांगतो की आकडा बघा मग घाबरा.

खरी काळजी तीन रिअ‍ॅक्टरच्या तळाशी वितळून पडलेल्या इंधनाची आहे. अंदाजे 880 टन! त्यातलं नोव्हेंबर 2024 मध्ये पहिल्यांदा बाहेर काढलं किती, तर एक ग्रॅमही नाही, 22 मीटरपर्यंत लांब होणारा पाइप आत घालून. त्याआधी ऑगस्टमध्ये पाइप चुकीच्या क्रमाने लावले म्हणून कामच थांबवावं लागलं होतं. इतक्या रेडिएशनमध्ये माणसाला फार वेळ उभंच राहता येत नाही बाप्पा, मग अशा चुका फार महागात पडतात. 2051 पर्यंत सगळं उरकेल हे जपान सरकारचं उद्दिष्ट मला तरी पटत नाही.

तिथल्या कामगारांना रेडिएशनचा किती डोस मिळतो यावर लेखकानं पुढचा लेख लिहावा, ही मनापासून विनंती.