राजकोटची ती 'जुनी शाळा': तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या सौराष्ट्र सहलीला तुम्ही एक स्टार दिलात. "द्वारका-सोमनाथ सांगून नेलं आणि राजकोटला एका जुन्या शाळेत पडद्यांवरच्या फिल्मा बघत दोन तास घालवले, जेवण तीन वाजता," असं लिहिलंत.

आधी जेवणाचं. चूक आमची. सकाळी बस उशिरा सुटली, तेव्हा जेवणं उरकूनच आत जायला हवं होतं. गटात सत्तरीपुढची चार माणसं होती, तरी आमचा टूर मॅनेजर वेळापत्रकाला चिकटून बसला. त्याबद्दल मनापासून माफी.

शाळेबद्दल मात्र थोडं बोलू द्या, कारण राजकोटचा हा थांबा, म्हणजे त्या शाळेतलं आताचं गांधी संग्रहालय, मी हट्टाने ठेवलेला आहे. 1853 साली सुरू झालेली ही इंग्रजी शाळा. तुम्ही पाहिलीत ती इमारत 1875 ची, जुनागढच्या नवाबाने बांधून दिलेली. पुढे तिला व्हिक्टोरिया राणीच्या मुलाचं, आल्फ्रेडचं नाव मिळालं आणि स्वातंत्र्यानंतर गांधीजींचं. कारण मोहनदास इथेच शिकला.

तो या शाळेत आल्यावर पहिल्याच वर्षी जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर तपासणीला आले आणि पोरांना पाच इंग्रजी शब्द लिहायला घातले. मोहनदासचं 'केटल'चं स्पेलिंग चुकलं. मास्तरांनी बुटाच्या टोकाने खुणावलं, शेजारच्याच्या पाटीवरून बघून घे म्हणून. याच्या ते डोक्यातच शिरलं नाही. मास्तर नक्कल करायला सांगतील, हेच त्याला पटेना! बाकी सगळ्यांचे पाचही शब्द बरोबर आले. हे गांधीजींनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. 1887 साली ते मॅट्रिक झाले, आपल्या मुंबई विद्यापीठाची परीक्षा, आणि गुण चाळीस टक्क्यांच्या आत.

हा किस्सा त्या वर्गांमधून फिरताना सांगायचा असतो. आमच्या माणसाने तो सांगितलाच नाही, बहुधा त्यालाही भूक लागली होती.

आत पडदे फार आणि जुन्या वस्तू कमी, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण तिथे माझ्या मनाला जास्त लागते ती वेगळीच गोष्ट. 2017 मध्ये शाळा बंद केली, शेवटच्या सव्वाशे मुलांच्या हातात दाखले दिले आणि 2018 च्या सप्टेंबरअखेर तिथे संग्रहालय उघडलं. म्हणजे आपण तिकीट काढून ज्या खोल्यांत फिरलो, तिथे संग्रहालय उघडायच्या जेमतेम दीड वर्ष आधीपर्यंत हजेरी घेतली जात होती.

पुढच्या गटापासून राजकोटला आधी जेवण, मग एक तास संग्रहालय. ज्यांना यायचं नसेल त्यांना बस थेट हॉटेलवर सोडेल. आणि कार्यक्रमपत्रिकेत नुसतं 'स्थलदर्शन' न छापता कुठे नेतोय ते स्पष्ट लिहू. त्या दिवसाच्या जेवणाचे पैसे परत करतोय, ऑफिसमधून या आठवड्यात फोन येईल.