नाव झालं तरी आर०१ आपोआप रिन्यू होत नाही

‘एकदा नाव झालं की एनआयएचची आर०१ ग्रँट रिन्यू होतेच. शेवटच्या वर्षी अर्ज टाकायचा. अडलंच तर मुदतवाढ घ्यायची.’ एनआयएच (अमेरिकी सरकारची आरोग्य-संशोधन संस्था) हिच्याकडून आर०१, म्हणजे प्रकल्पाला काही वर्षांसाठी मिळणारं अनुदान, घेऊन अमेरिकेत लॅब चालवणाऱ्यांना हा सल्ला हमखास मिळतो. त्यातलं एकही वाक्य टिकत नाही, आणि मधलं सगळ्यात महागात पडतं.

आधी नावाचं. रिन्युअलचा अर्जही नव्या अर्जांबरोबरच समितीपुढे जातो. २५ जानेवारी २०२५ पासूनच्या पद्धतीत आकडी गुण दोनच गोष्टींना आहेत: विषयाचं महत्त्व, आणि पद्धतीचा काटेकोरपणा व व्यवहार्यता. संशोधकाची पात्रता आणि सोयी पुरेशा आहेत की नाहीत, एवढंच बघतात. तरीही लोक संशोधन आराखड्याच्या १२ पानांतली पाच-सहा पानं जुन्या पराक्रमावर घालवतात. आधीच्या उद्दिष्टांचं काय झालं, कोणतं सोडलं आणि का, हे दीड-दोन पानांत उरका. पेपरांची यादी वेगळी जोडायची असते, ती या १२ पानांत धरत नाहीत.

आता ‘शेवटच्या वर्षी’. समजा, पाच वर्षांची ग्रँट ३० जून २०२८ ला संपते. अर्ज ठरलेल्या तारखेला, ५ नोव्हेंबर २०२७ ला, टाकला तर छाननी फेब्रुवारी-मार्चमध्ये. मंजूर झाला तर ठीक. नाही झाला तर सुधारित अर्ज ५ जुलै २०२८ ला आणि पैसे लवकरात लवकर एप्रिल २०२९ मध्ये. मधले नऊ महिने पोस्टडॉकचा (पीएचडीनंतर लॅबमध्ये काम करणाऱ्या संशोधकाचा) पगार कुठून द्यायचा?

म्हणून उलटं मोजा. नोव्हेंबर २०२७ ची तारीख सुधारित अर्जासाठी राखून ठेवा (सुधारायची संधी एकदाच मिळते) आणि पहिला अर्ज ५ मार्च २०२७ लाच टाका. खरी गोची इथे आहे. तोवर पाच वर्षांपैकी तीन वर्षं आठ महिनेच झालेले असतात आणि मुख्य पेपर छापून आलेला हवा. म्हणजे तो तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस तरी जर्नलकडे गेला पाहिजे, कारण रिव्ह्यूअरनी जादा प्रयोग मागितले की सहा महिने सहज जातात. कोणत्याही एका वर्षाचा थेट खर्च (पगार, साहित्य वगैरे) ५ लाख डॉलर किंवा जास्त असेल, तर अर्जाआधी एनआयएचची परवानगी लागते का, हेही वेळेत तपासा.

राहिली मुदतवाढ. तिच्यात वेळ मिळतो, पैसा नाही. पहिली वाढ १२ महिन्यांपर्यंत मिळू शकते, पण तिची हालचाल मुदत संपायच्या आधीच करावी लागते. खात्यात शिल्लक नसेल तर ती घेऊन करणार काय? तेव्हा शेवटच्या वर्षी नवा माणूस घेण्याआधी आहेत त्यांच्या पगाराचा हिशेब मांडा.