‘राजीनाम्या’त राज्य नाही, राजी आहे

मराठी आणि हिंदीतल्या ‘राजीनामा’ शब्दावरच्या माझ्या लेखावरील प्रतिक्रियेबद्दल आभार. आपले आक्षेप दोन. राजीनामा म्हणजे ‘राज्य सोडल्याचा कागद’, म्हणून शब्द अस्सल मराठी; आणि इंदूरच्या कोर्टात समेटाला राजीनामा म्हणतात, तो हिंदीवाल्यांचा घोटाळा.

पहिली व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण चुकीची. राजी म्हणजे संतुष्ट, कबूल. हा शब्द अरबी. नामा म्हणजे लेख. हा फारसी, करारनामा-जाहीरनाम्यातला. दोन्ही मिळून कबुलीचा कागद. राजीतल्या ‘ज’चं मूळ अरबी अक्षर द-सारखं जड उच्चारतात, फारसीत त्याचा ज़ होतो. रमदान-रमजान हा फरक त्याच अक्षराचा. मराठीत नुक्ता, म्हणजे ज़ खालचं टिंब, गळला आणि राजी थेट राजाच्या शेजारी जाऊन बसला. मर्जी, नाराज, रजा ही त्याच धातूची भावंडं. रजा म्हणजे मुळात संमती; आपल्याकडे साहेबाच्या संमतीने मिळालेली सुट्टीच रजा झाली.

दुसऱ्या आक्षेपात तर गाडी उलटीच आहे. हिंदीतला अर्थ मुळाला जास्त धरून आहे: दोन्ही पक्ष राजी, म्हणून राजीनामा. लोकअदालतीच्या बातम्यांत ‘राजीनामा योग्य प्रकरण’ असतं ते हेच, म्हणजे तडजोडीने मिटवता येणारं. फौजदारीत असे गुन्हे कोणते, हे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये दिलंय; जुन्या संहितेत ते कलम 320 होतं. वळण घेतलं ते मराठीने. मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा खातेदार राजीनामा लिहून देई आणि ती घेणारा नवा खातेदार कबुलायत, म्हणजे कबुलीचा कागद. 1879 च्या जमीन महसूल कायद्याखालच्या व्यवहारांत ही जोडी सतत भेटते. राजीखुशीने हक्क सोडल्याचा कागद इथे दिसतो. जमिनीच्या जागी खुर्ची ठेवा, की आजचा अर्थ. हिंदीत त्यासाठी इस्तीफा, म्हणजे ‘मला मोकळं करा’ अशी विनंती. माफी त्याच धातूची.

भाषांतर करताना क्रियापद पाहा. मराठीत राजीनामा देतात, एकटा माणूस देतो. हिंदीत राजीनामा होतो किंवा करतात, आणि त्याला दोन पक्ष लागतात. ‘पति-पत्नी में राजीनामा हो गया’ याचं ‘पतिपत्नीने राजीनामा दिला’ केलंत, तर दोघांच्या नोकऱ्या गेल्या! तिथे समेट किंवा तडजोड लिहा.

एक चूक मात्र माझी. मूळ लेखात गुजरातीला मी हिंदीच्या पंगतीत बसवलं होतं. वडोदऱ्यात ‘राजीनामुं’ आपल्यासारखंच, पद सोडण्याचं. ती ओळ दुरुस्त केली आहे.