नव्या कुलगुरूंस सप्रेम

अभिनंदन! अमेरिकेतल्या मोठ्या सरकारी विद्यापीठाचे तुम्ही कुलगुरू झालात. तिकडे प्रेसिडेंट म्हणतात, पण काम तेच: फीत कापणं आणि देणगीदाराशेजारी बसणं. ग्रंथालय कुठं आहे हे सावकाश कळलं तरी चालेल. स्टेडियमचा रस्ता मात्र आजच पाठ करा. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात. तीन वानखेडे भरून वर उरतील एवढी.

पहिलं काम, फुटबॉलचा (अमेरिकन, अंडाकृती चेंडूचा) कोच नेमा. त्याचा पगार तुमच्यापेक्षा जास्त असेल, राज्याच्या गव्हर्नरपेक्षाही. वाईट वाटून घेऊ नका, बहुतेक राज्यांत सगळ्यात महागडा सरकारी नोकर कोचच असतो. करार लांबलचक करा आणि हाकललं तरी पैसे मिळतील असं कलम घाला. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचा कित्ता गिरवा. कोच जिम्बो फिशर यांना २०१७ मध्ये दहा वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलरवर आणलं, २०२१ मध्ये मुदत आणि पगार दोन्ही वाढवले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये काढून टाकलं. आदल्याच दिवशी संघ ५१-१० असा जिंकला होता! घरी बसण्याचे साडेसात कोटींहून जास्त डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं सहाशे कोटी रुपयांच्या वर. २०३१ पर्यंत दर वर्षी ७२ लाख डॉलरचा हप्ता. दुसरीकडे नोकरी धरली तरी एक छदाम कापायचा नाही. आमच्याकडे ग्रॅच्युइटीसाठी चपला झिजवणाऱ्या मास्तरांना हे वाचून दाखवू नका.

खेळाडूला मात्र पगार देऊ नका, अशी थोरांची शिकवण. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजकडून खेळताना डोक्याला मार लागून एक पोरगा गेला. बायकोनं कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती नाकारली. कारण? कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही! ‘स्टुडंट-ॲथलीट’ हा गोंडस शब्द एनसीएएनं, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या तिथल्या संस्थेनं, त्याच सुमारास घडवला, तोही असल्याच दाव्यांच्या धास्तीनं. संस्थेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे तसं लिहूनही ठेवलंय. तो निकाल फ्रेम करून कचेरीत लावा. फक्त टीव्ही कराराची फाइल तिथे ठेवू नका, कारण कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफचे, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचे, सामने दाखवायला ईएसपीएन ही क्रीडावाहिनी सहा वर्षांचे ७८० कोटी डॉलर मोजतंय. धंदा नाही हो, विद्यादान!

पैसे साठले तर नफा दिसेल, आणि नफा दिसणं वाईट. म्हणून बांधकाम काढा. क्लेमसन विद्यापीठानं २०१७ मध्ये फुटबॉलपटूंसाठी इमारत उघडली, तीत मिनी गोल्फ आहे आणि घसरगुंडीसुद्धा. सव्वाशे किलोच्या गड्यांसाठी घसरगुंडी! हसू नका. पगारावर बंदी होती, घसरगुंडीवर नव्हती.

भूगोल विभागाला जरा सांभाळून घ्या. स्टॅनफर्ड आणि बर्कली पॅसिफिकच्या काठावर. २०२४ पासून खेळतात अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे पार दुसऱ्या किनाऱ्याच्या नावाच्या साखळीत. चंद्रपूरनं कोकण किनारा चषकात नाव घालावं, तसं. पैसा बोलावतो तिथं समुद्र असतोच.

आता एक विघ्न आलंय. खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या दाव्यात जून २०२५ मध्ये कोर्टानं तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना मिळून २८० कोटी डॉलर द्यायचे आणि पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना थेट २.०५ कोटी डॉलरपर्यंत वाटायची मुभा. इथे चेहरा पाडून ‘परवडत नाही’ म्हणायला शिका. टेनेसी विद्यापीठानं तर निकालाआधीच सीझन तिकिटांवर दहा टक्के ‘टॅलेंट फी’ जाहीर केली होती. कोचला काढायचे कोटी द्यायचे होते तेव्हा कुठल्या तिकिटावर ‘हकालपट्टी फी’ बसली नाही, हे कुणी विचारलंच तर घड्याळ बघा आणि उठा. शनिवारी सामना आहे, आणि नवा कोच आत्ताच दोनदा हरलाय.